यावेळी मधून चढलो नाही

आम्हा नागपूरकरांना गाडी कधी कोरी मिळत नाही. दिल्लीहून चेन्नईला जाणारी असो, नाहीतर मुंबईहून हावड्याला, नागपूर येईस्तोवर तिच्यात लोकांचे संसार थाटून झालेले असतात. सीटखाली शेंगांची टरफलं, खिडकीत चहाचे रिकामे कप, आणि आपल्या बर्थवर कुणीतरी तोंडावरून चादर घेऊन घोरत पडलेलं. त्याला हलवायचं, "भाऊ, उठा, आमचं रिझर्वेशन आहे" म्हणायचं. तो डोळे चोळत "कौनसा स्टेशन है?" विचारतो, आपण "नागपूर" म्हणतो, आणि त्याच्या अंगाच्या उबेवरच आपली सतरंजी पसरतो. दुरांतोसारख्या दोन-चार गाड्या इथून सुटतात, नाही असं नाही. पण लांबचं जायचं म्हटलं की मधूनच चढायचं नि मधेच उतरायचं. पहिल्या स्टेशनावर गाडी कशी दिसते आणि शेवटच्या स्टेशनावर ती कशी रिकामी होते, हे साठीला टेकले तरी मला माहीत नव्हतं.

हे मी एकदा भाजी निवडताना धाकट्या जावेला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "मग ताई, हिमसागरनं जाऊ ना. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

हिमसागर एक्सप्रेस आठवड्यातून एकदा शुक्रवारी दुपारी कन्याकुमारीहून निघते आणि सोमवारी कटऱ्याला पोचते. तीन रात्री, पावणेचार हजार किलोमीटरहून थोडं जास्तच. १९८४ साली सुरू झाली तेव्हा ती जम्मूपर्यंतच जायची. कटऱ्यापर्यंत रूळ २०१४ साली पोचले, तेव्हापासून तिथवर जाते. मधली बरीच वर्षं देशातली सर्वांत लांब पल्ल्याची गाडी हीच होती. पुढं दिब्रुगडहून कन्याकुमारीला जाणारी विवेक एक्सप्रेस आली आणि तिनं पहिला नंबर नेला. पण ती नागपूरला येतच नाही, तेव्हा आमच्या लेखी मोठी हिमसागरच.

घरात सांगितलं तर ह्यांचं पहिलं वाक्य, "काऊन? घरी काही कमी पडून राह्यलं का?" भाऊजी म्हणाले, विमानानं जा, तीन दिवस वाचतील. आता वाचवलेले तीन दिवस घालवायचे कुठे, तर पुन्हा भाजी निवडण्यात. शेजारचे काका रेल्वेत गार्ड होते, त्यांनी आणखी वेगळं सुचवलं. लांबच्या तिकिटावर नियमानं मधे एक-दोनदा उतरता येतं, तेव्हा नागपूरला उतरा, दोन रात्री घरी झोपा आणि मग पुढची गाडी धरा. मी म्हटलं, काका, मग रोजच्यापेक्षा वेगळं ते काय केलं?

एसी की स्लीपर, यावर मात्र खरा वाद झाला. दोघे भाऊ एसीवर अडून होते. तो वाद सासूबाईंनी मिटवला. त्यांच्याकडे बोर्नव्हिटाच्या जुन्या डब्यात चार आण्याची नाणी आहेत, ही मोठी रास. २०११ च्या जूनअखेर पंचवीस पैसे चलनातून गेले तेव्हा त्यांनी ती बँकेत दिली नाहीत. "वाटेत नद्या लागतील तितक्यांत एकेक टाका," त्या म्हणाल्या. भाऊजी म्हणाले, "आई, ही नाणी आता चालत नाहीत." तर म्हणे, "नदीले कोण सांगाले गेलं?" आणि एसीची खिडकी उघडत नाही. ठरलं, स्लीपर.

आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडतं, सकाळी आठला. आधी ही मुदत एकशेवीस दिवसांची होती, नोव्हेंबर २०२४ पासून कमी केली. भाच्यानं मोबाईलवर पाच मिनिटांत तिकिटं काढली. पंचेचाळीस ओलांडलेल्या बायका एकट्या किंवा दोघी असल्या तर त्यांना खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो, त्यात दोघींना समोरासमोर खालचे बर्थ मिळाले. भाडं माणशी हजाराच्या आसपास. सवलत असती तर आणखी कमी झालं असतं, पण ती २०२० साली बंद झाली ती झालीच. एक गोष्ट यात कळली. अंतर वाढेल तसं किलोमीटरमागचं भाडं उतरत जातं, म्हणून टोकापासून टोकाचं एकच तिकीट काढावं. नागपूरपर्यंत एक आणि नागपूरपासून एक असं काढलं तर तोच प्रवास महाग पडतो.

कन्याकुमारीला जायला केरळ एक्सप्रेस धरली. अर्थात मधूनच. माझ्या बर्थवर झाशीचे एक गृहस्थ झोपले होते, त्यांना उठवलं. तिरुवनंतपुरमला उतरून पुढं दुसऱ्या गाडीनं कन्याकुमारी. सोबत नेलेल्या दशम्यांपैकी उरलेल्या तिथल्या दमट हवेत तिसऱ्या दिवशी हिरव्या पडल्या. नागपुरात मार्चमध्ये दशमी वाळून कडक होते, तिला बुरशी येते हे आमच्या गावीही नव्हतं. उरली फक्त तिळाची चटणी.

शुक्रवारी दुपारी दीड तास आधीच स्टेशनावर जाऊन बसलो. कन्याकुमारीला रूळ संपतात. म्हणजे खरोखरच संपतात, पुढं अडसर आणि मग काही नाही. थोड्या अंतरावर समुद्र. धाकटी अडसरापर्यंत चालत गेली, त्याला हात लावून आली. गाडी उभीच होती. डब्यात चढलो तर फिनेलचा वास, सगळ्या खिडक्या बंद, आणि माणूस एकही नाही. सगळे बर्थ निळे निळे, एका ओळीत. मी आमच्या बर्थसमोर उभीच राहिले. कुणाला उठवायचं नव्हतं. धाकटी म्हणाली, "बसा ना ताई, आपलाच आहे." बसले, पण कुणाच्या तरी घरी नव्या सोफ्यावर बसतात तशी, कडेवर.

गाडी सुटली आणि अर्ध्या-पाऊण तासात नागरकोविलला तो कोरेपणा संपला. तिरुवनंतपुरमपर्यंत डबा भरला. कोल्लमला एक जवान चढला, काळी लोखंडी पेटी, पाठीवर पिशवी, आणि आईनं दिलेली फणसाच्या चिप्सची ही एवढी थैली. सुट्टी संपवून जम्मूला निघाला होता. आम्ही नागपूरच्या म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. "कामठी! ट्रेनिंग कामठी में किया!" गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र कामठीला आहे, तिथं तो घडलेला. मग थोडं थांबून, आठवून आठवून, मल्याळी उच्चारात म्हणाला, "काऊन बाप्पा?" आम्ही दोघी हसून बेजार. वरचा बर्थ त्याचाच होता. कटऱ्यापर्यंत जाणारे आमच्या खणात आम्ही दोघी, आणि जम्मूपर्यंत तो. बाकी माणसं बदलत राहिली.

धाकटीनं घरून नद्यांची यादी करून आणली होती, कालनिर्णयच्या मागच्या पानावर. तेरा नद्या, तेरा नाणी, रुमालाच्या गाठीत. नाणं टाकायचं म्हणजे सोपं वाटतं. तसं नाही. स्लीपरच्या खिडकीला आडवे गज असतात, पुलाला लोखंडी कमानी असतात, आणि गाडी धावत असते. पेरियारला, अलुव्याच्या पुलावर, मी टाकलेलं पहिलं नाणं कमानीला लागून टण्णकन वाजलं. ते पाण्यात पडलं की पुलावरच राहिलं, ते सासूबाईंना सांगितलेलं नाही. नंतर युक्ती सापडली. हात गजाबाहेर काढायचा, पुलाचा आवाज सुरू झाला की मनात चार मोजायचे, आणि नाणं फेकायचं नाही, नुसतं सोडायचं. शोरनूरच्या अलीकडे भारतपुळा आली तेव्हा अकराच्या सुमारची वेळ होती, बाहेर काळोख. मधल्या बर्थवाल्यानं दहाला बर्थ लावून घेतला होता. रात्री दहा ते सकाळी सहा तो त्याचा हक्क, त्याला काही म्हणता येत नाही. त्या बर्थखाली मान वाकडी करून बसून आम्ही दोघी नदीची वाट पाहत होतो. पलीकडचा माणूस आमच्याकडे बघत होता. त्याला काय वाटलं असेल कुणास ठाऊक.

कावेरीसाठी मोबाईलवर अडीचचा गजर लावला. कोइम्बतूर झोपेतच गेलं. इरोडला चहावाल्याच्या आवाजानं जाग आली, स्टेशन सुटल्यावर लगेच पूल. नाणं धाकटीनं सोडलं आणि पुन्हा आडवी झाली. सकाळी मला विचारते, "ताई, कावेरी आली होती का?"

स्लीपरमध्ये तीन रात्री काढायच्या म्हणजे काही गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. चादर, पांघरूण, उशी सगळं आपलं. बॅगेला साखळी. आंघोळ नाही, तेव्हा पहाटे पाचला सगळे झोपलेले असताना बेसिनवर हातपाय-तोंड धुऊन घ्यायचं, केसांची घट्ट वेणी घालायची. एकीनं जायचं, दुसरीनं सामान बघायचं. आणि पाय. पायांबद्दल कुणी सांगितलं नव्हतं. शनिवारी दुपारपर्यंत माझे पाय असे सुजले की चपलेचा पट्टा बसेना. जवानानं त्याची काळी पेटी सरकवून दिली, "अम्मा, पैर ऊपर." ती पेटी मग पुढं दोन दिवस माझं पाय ठेवायचं स्टूल होती. तिच्यावर त्याचा नंबर पांढऱ्या रंगात लिहिलेला, माझी टाच बरोबर त्याच्यावर. मला अवघडल्यासारखं व्हायचं, तो म्हणायचा, काही नाही.

शनिवारी सकाळी काटपाडीला एक तमिळ आजी चढल्या, लेकीकडे दिल्लीला निघालेल्या. पिवळीधमक रेशमी साडी, हातात स्टीलचा तीन मजली डबा. हिंदी त्यांना येत नव्हतं, इंग्रजी आम्हाला बेताचं, जवान दुभाषी. दुपारी नेल्लूरनंतर पेन्ना नदी लागली, रुंद पात्र, पाणी कमी वाळू जास्त. आम्ही नाणं टाकलं तेव्हा आजींनी हात जोडले आणि स्वतःच्या कनवटीचा एक रुपया काढून तोही टाकला. मग त्या आमच्या यादीत सामील झाल्या. पुढच्या नदीचं नाव विचारायच्या, बोटावर मोजायच्या.

कृष्णा आली विजयवाड्याला, उन्हं उतरत असताना. आता इथं सांगायला हवं की धाकटीचं माहेर वाईचं. वाईला कृष्णा ही घाटावरची नदी. गणपतीपुढून जाते, उन्हाळ्यात पोरं चालत पार करतात. विजयवाड्याच्या पुलावर गाडी चढली आणि संपेचना. डावीकडे बंधारा, त्यामागं अडलेलं पाणी, पलीकडे टेकडीवर कनकदुर्गेचं देऊळ, आणि पाण्यावर तो तांबूस उजेड. धाकटी गजाला नाक लावून बसली होती. नाणं हातात तसंच. मी म्हटलं, अगं टाक, पूल संपेल. तिनं सोडलं आणि म्हणाली, "केवढी झाली बाई!" लहानपणी पाहिलेली भावाची पोरगी एकदम लग्नाच्या मांडवात दिसावी, तसं. नंतर वारंगळ येईपर्यंत ती फार बोलली नाही.

त्या रात्री झोप कुणाला येणार होती? रात्री अकराच्या पुढं रामगुंडम आणि मंचिर्यालच्या मधे गोदावरी, मग वर्धा नदी, मग बल्लारशा. बल्लारशाला मी उठून दारात गेले. फलाटावर एक जण दुसऱ्याला ओरडून सांगत होता, "अबे पानी भरून घे ना, गाडी सुटून राह्यली!" दीड दिवसात आमच्या दोघींखेरीज कानावर पडलेली ही पहिली मराठी. मल्याळम, तमिळ, तेलुगू असं करत करत गाडी आमच्या बोलीत शिरली होती. चंद्रपूर गेलं. सेवाग्राम गेलं. बुटीबोरीचे कारखान्यांचे दिवे दिसले तशी धाकटीनं सवयीनं चादर घडी घालायला घेतली. मी म्हटलं, काय करतेस? ती थांबली. "हो की," म्हणाली आणि पुन्हा पसरली.

खापरी, अजनी. अजनीला गाडी हळू झाली, शेडमध्ये इंजिनं उभी. आयुष्यात हजार वेळा इथं उभं राहून सामान दाराशी आणलंय. शरीराला ते इतकं माहीत झालेलं की माझा हात आपोआप सीटखाली पिशवीकडे जायचा आणि मी तो मागं घ्यायची. पहाटे चार-साडेचारची वेळ. नागपूर स्टेशनाची ती १९२५ सालची दगडी इमारत फलाटामागं पिवळ्या दिव्यांत उभी, आणि खिडकीबाहेर कानटोपी घातलेले दोघे भाऊ, हातात पिशव्या.

जेवणाचा डबा गजांतून आत येईना म्हणून भाऊजी आत चढले. पिशव्या देऊन खाली उतरून पुन्हा खिडकीशी. ह्यांनी एकदा डब्यात नजर फिरवली, माझे सुजलेले पाय पाहिले, पेटी पाहिली, जवानाचे वरून लोंबणारे मोजे पाहिले आणि हळूच म्हणाले, "झालं ना आता. उतर. मागचं पुढचं कोणी काही म्हणणार नाही."

खरं सांगते, त्या घटकेला मला उतरावंसं वाटलं. घर स्टेशनापासून वीस मिनिटांवर. आपला पलंग, आपली मोरी, गरम पाणी. गाडी पाच-दहा मिनिटं थांबते, तेवढ्यात माणूस काय काय विचार करतो! धाकटी माझ्याकडे बघत होती. मी काय म्हणते यावर तिचंही होतं.

आणि तेवढ्यात मागून आवाज आला, "काकू, उठा जरा, आमचं रिझर्वेशन आहे."

एक बाई, दोन पोरं, नवरा, चार बोजे. अस्सल नागपुरी कुटुंब, डोळ्यांत झोप आणि आवाजात हक्क. मी म्हटलं, बर्थ आमचा आहे. ती म्हणाली, "नाही हो काकू, वीस नंबर, बघा ना." मी म्हटलं, आम्ही कन्याकुमारीहून बसलोय. त्यावर तिचा नवरा जरा चढ्या आवाजात, "कन्याकुमारीहून असाल, पण नागपूरपासून आमचं आहे. तुम्ही कुठपर्यंत?" "कटरा," मी म्हटलं. "म्हणजे शेवटपर्यंत." हे शब्द तोंडातून निघाले आणि माझं मलाच बरं वाटलं. बाहेरून हे खिडकीला तोंड लावून म्हणाले, "अहो, डबा कोणता तुमचा?" त्यांचा डबा निघाला एस-चार, आम्ही एस-तीनमध्ये. ती माणसं बोजे उचलून ओशाळत पुढं गेली. पोरगं जाताना विचारत होतं, "मम्मी, ह्या आजी नागपूरच्या आहेत तर गाडीत कशाला बसून आहेत?"

शिट्टी झाली. हे गाडीबरोबर चार पावलं चालले. आधी कधी चालले नव्हते, कारण आधी नेहमी मी आणि ते एकत्रच चढलो किंवा एकत्रच उतरलो. "पाय वर ठेवून बस," ओरडून म्हणाले.

भारताचा मध्य म्हणून आम्ही झिरो माइलची फार मिजास करतो. पण हिमसागरच्या हिशेबात नागपूर मध्यावर येत नाही. गाडी आधी केरळाचा मोठा वळसा घेते, त्यामुळं आमच्या दक्षिणेला दोन हजारांवर किलोमीटर पडतात आणि उत्तरेला साडेसतराशेच्या आसपास. म्हणजे अर्धी वाट केव्हाच सरली होती. हे मी धाकटीला सांगितलं तोवर ती झोपली होती.

उजाडलं ते सातपुड्यात. बैतूलच्या पुढं घाट, बोगदे, आणि दोन्ही बाजूंना पळस नुसता पेटलेला. पानं एक नाही, सगळं झाड केशरी. केरळाचं हिरवं बघून डोळे निवले होते हे खरं, पण जीव हलला तो ह्या उघड्याबोडक्या जंगलात. आपलं ते आपलं, दुसरं काय. आजींनी जवानाकरवी विचारलं, ही झाडं कुणी लावली?

तिथं डबा उघडला. वरच्या खणात मृगाची संत्री, खालच्या दोन्हीत सासूबाईंनी रात्री जागून केलेली पुडाची वडी. आता आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात आणि ह्या वडीला सांबारवडी. मी आजींपुढं वडी धरली आणि अभिमानानं म्हटलं, "सांबारवडी!" आजींनी वडी घेतली, उलटी-सुलटी पाहिली, आणि वाट बघत बसल्या. मी म्हटलं, खा ना. त्या जवानाला काहीतरी म्हणाल्या. तो हसू दाबत म्हणाला, "पूछ रही है, सांबार किधर है?" मी वडी मोडून आतलं हिरवं सारण दाखवलं, "हे काय, सांबार!" आजी त्याच्याकडे बघतात, तो माझ्याकडे बघतो. कामठीत दीड वर्षं काढूनही हे त्याला कळलं नव्हतं. शेवटी धाकटीनं मोबाईलवर कोथिंबिरीचा फोटो काढून दाखवला. "कोत्तमल्ली!" आजी म्हणाल्या आणि असं काही हसल्या की पलीकडच्या खणातली माणसं वाकून बघायला लागली. मग त्यांनी चार वड्या खाल्ल्या. पुढं दिल्लीपर्यंत दर दोन तासांनी त्या आपल्याशीच "सांबार" म्हणायच्या आणि पदरानं तोंड झाकायच्या.

नर्मदा सकाळच्या कोवळ्या उन्हात मिळाली, शांत, काठोकाठ. तिच्यासाठी नाणं मी माझ्या हातानं सोडलं. भोपाळपुढचा रविवार मात्र लांबला. सपाट गव्हाची शेतं, झाशी, ग्वाल्हेर, पुन्हा शेतं. ऊन, धूळ, डब्यात विनातिकिटाची गर्दी, आमच्या बर्थवर तिघांऐवजी सात जण. धोलपूरच्या अलीकडे चंबळ आली तेव्हा अंधारून आलं होतं, खालच्या घळी काळ्याशार. यादीत पुढं होती यमुना. आग्रा गेलं, मथुरा गेलं, धाकटी मुठीत नाणं धरून बसलेली. दिल्ली आली तरी पूल नाहीच. जवानानं मोबाईलचा नकाशा दाखवला. आग्रा, मथुरा, दिल्ली, तिन्ही गावं यमुनेच्या एकाच काठावर, रूळही त्याच काठानं वर जातात. गाडी संध्याकाळपासून तिच्या शेजारून चालली होती आणि ओलांडत मात्र कुठंच नव्हती.

दिल्लीला आजी उतरल्या. उतरताना रिकामा तीन मजली डबा धाकटीच्या हातात ठेवला. आम्ही नको नको म्हणतोय तोवर लेक-जावई त्यांना घेऊन गर्दीत गेले. त्या डब्यात आता आमच्याकडे शेव असते.

सतलज झोपेत गेली. गजर लावला होता, दोघींनी ऐकला, दोघींना वाटलं दुसरी उठेल. सकाळी जाग आली ती थंडीनं. खिडकी कुणीतरी उघडली होती आणि बाहेर गव्हावर धुकं. बियास आणि रावी मिळाल्या. जम्मूला जवान उतरला. पेटी काढून घेताना माझ्या पायांकडे बघून म्हणाला, "अब कैसा है?" आणि धाकटीला सलाम ठोकून, "काऊन बाप्पा!"

जम्मूनंतर डबा जवळजवळ रिकामा. डोंगर जवळ आले, एकामागून एक बोगदे. आत शिरलं की डब्यातले दिवे आणि आमचे दोघींचे चेहरे काचेत, बाहेर आलं की खाली खोल दरी. उधमपूरला आणखी काही जण उतरले. शेवटचा तुकडा आम्ही गप्पच होतो. कटऱ्याला गाडी थांबली तर कुणी घाई केली नाही, चढणारं कुणी नव्हतंच. समोर त्रिकुटाचा डोंगर, वर पायवाटेची रेघ. मी डब्यात मागं वळून पाहिलं. निळे बर्थ एका ओळीत, शुक्रवारी होते तसेच, फक्त सीटखाली शेंगांची टरफलं, संत्र्याची सालं, चहाचे कप. त्यातली सालं बहुतेक आमचीच. एक मुलगा लांब झाडू घेऊन चढला आणि आमच्या पायांशी थांबला, आम्ही उतरायची वाट बघत.

देवीचं दर्शन झालं, चढताना पुन्हा पाय सुजले, ती हकीकत वेगळी. २०२५ पासून कटऱ्याच्या पुढं चिनाबच्या पुलावरून श्रीनगरकडे गाडी जाते. धाकटीनं त्याची चौकशी करून ठेवली आहे, ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

परतीला अंदमान एक्सप्रेस मिळाली, कटऱ्याहून चेन्नईला जाणारी. म्हणजे पुन्हा मधेच उतरायचं. सासूबाईंची दोन नाणी, एक यमुनेचं आणि एक सतलजचं, रुमालात तशीच होती. येताना सतलज जागेपणी गाठली आणि एक सुटलं. नरखेड गेलं तशी मी सामान दाराशी आणायला उठले. बघते तर धाकटी वाकून सीटखालची टरफलं वर्तमानपत्रानं गोळा करत होती. मी म्हटलं, अगं, आता उतरायचंच आहे.

"हो ना," ती म्हणाली, "पण इथं कोणीतरी नागपूरचंच चढेल."